वाढत्या अंगाचे बूट

शाळेचे काळे बूट घेताना आमच्या घराण्यात एकच कायदा: वाढत्या अंगाचे घ्यायचे. जूनमध्ये पुढे कापसाचा बोळा कोंबायचा, दिवाळीत काढायचा आणि एप्रिलपर्यंत गाडी ढकलायची. यंदा आमच्या दहा वर्षांच्या कार्ट्याने गणपतीतच बोळा काढून माझ्या हातात ठेवला. डिसेंबरात, शाळेच्या धावण्याच्या शर्यतींच्या ऐन तयारीत, तो लंगडू लागला.

"टाच दुखते."

माझी आई तेव्हा न्हाणीघराबाहेर उमटलेली त्याची ओली पावलं न्याहाळत होती. "अरे, याच्या पायाला कमानच नाही! मिलिटरीत घेणार नाहीत याला." रात्री मोरीपर्यंत जायला ज्याला सोबत लागते, त्याच्या लष्करी कारकिर्दीबद्दल घरात अर्धा तास हळहळ झाली. मग सगळ्यांनीच पाय ओले करून फरशीवर ठसे उमटवले. आईचा कमानदार. बायकोचा तर रांगोळीत काढावा असा. माझा मात्र तव्यावरच्या घावनासारखा सलग.

"तरीच!" बायको म्हणाली. पुढे काही बोलली नाही, तेवढं पुरलं.

हाडांच्या डॉक्टरांनी पोराला चवड्यांवर उभं केलं, तर कमान हजर! "लहानपणी सगळ्यांचेच पाय सपाट असतात, कमान हळूहळू येते. अशी लवचिक असली आणि पाय दुखत नसला तर काही करायचं नाही." मग त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली. पोर किंचाळलं. टाचेच्या हाडाची वाढ अजून चालू असते, पोटरीची शीर ते मागून ओढत राहते आणि हा दिवसभर धावतो, म्हणून दुखतं म्हणे. थोडे दिवस धावणं बंद, बर्फाचा शेक, बुटात मऊ टाचपट्टी. आपोआप जाणारं दुखणं.

इतक्यात त्यांचं लक्ष अंगठ्याच्या लाल कोपऱ्याकडे गेलं.

"नखं कोण कापतं?"

मीच. कोपऱ्यातून खोलवर, चंद्रकोरीसारखी, मोठ्या हौसेने.

"सरळ कापा, नाहीतर मांसात रुततात. आणि बूट बदला. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी."

वैद्यकशास्त्राने आमच्या कायद्यावर शिक्काच मारला! मी थेट दुकान गाठलं, पोराच्या पायात बूट चढवला आणि पुढची जागा अंगठा लावून मोजली. "हं, अजून दोन नंबर मोठे दाखवा."

दुकानदाराने माझा हात हळूच फिरवला. "साहेब, अंगठा आडवा धरायचा. उभा नाही."