बिल्डिंगमधल्या पोरांना राक्षस दाखवणे

मे महिन्यात बिल्डिंगमधल्या पोरांना सिनेमा दाखवायचं काम ज्याच्याकडे मोठा टीव्ही त्याच्याच गळ्यात पडतं. ‘राक्षसांचा आहे, पोरं खूश होतील’ म्हणून तुम्ही ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ लावणार असाल, तर मी आधीच सांगून ठेवतो: चिवडा निम्मा करा, रुमाल दुप्पट काढा.

मॉरिस सेंडाकचं मूळ पुस्तक १९६३ चं. इंग्रजीत जेमतेम दहा वाक्यं. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत वाचून संपतं. स्पाइक जोन्झने २००९ साली त्याचा १०१ मिनिटांचा सिनेमा केला. रसवंतीवाला तोच दांडा घडी घालून पुन्हा पुन्हा चरकात घालतो ना, तसं. रस निघतो खरा, पण पोरांना लागतो तुरट.

बैठक अशी: पोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे सोफ्यावर, ‘आम्ही जरा टेकलोय’ या सबबीखाली. ट्यूबलाइट बंद म्हणजे बंदच. मागे काय चाललंय ते पुढे दिसता कामा नये. सिनेमातला पोरगा मॅक्स, त्याचं बर्फाचं घर मोडतं, तो आईला चावतो, आणि राक्षस अजून यायचेच असतात. इथे पहिली ‘शू’ येते. तेव्हा पॉज करू नका. एकाला सोडलं की सगळी रांग उठते.

राक्षस येतात तेव्हा खरी पंचाईत. जिम हेन्सनच्या क्रीचर शॉपने बनवलेले अगडबंब पोशाख, आत जिवंत माणसं, चेहऱ्यावरचे भाव मात्र कॉम्प्युटरने घातलेले. म्हणून अंग अस्वलाचं आणि डोळे हप्ता थकलेल्या माणसाचे. त्यांतल्या कॅरोल नावाच्या राक्षसाला आवाज जेम्स गॅन्डोल्फिनीचा. टीव्हीवर माफिया गाजवलेला हा गडी इथे माहेरी गेलेल्या बायकोच्या नवऱ्यासारखा बोलतो. बाकीची मंडळी थेट सोसायटीच्या वार्षिक सभेतून उचललेली. ज्युडिथची तक्रार कायम तयार. अलेक्झांडर बोलतो आणि कुणी ऐकत नाही. आमच्याकडे तळमजल्यावरच्यांचं तेच होतं. मॅक्स राजा होतो तोही दुःख घालवायच्या आश्वासनावर. मग सगळ्यांनी एकत्र राहायला किल्ला बांधायला घेतात. रीडेव्हलपमेंटच की! सोफ्यावर या क्षणी टाचणी पडली तरी ऐकू येते.

ढेकळांची लढाई सुरू व्हायच्या आत उशा आणि शोकेसजवळची पोरं, दोन्ही हलवा. पुढे कॅरोल रागाच्या भरात डग्लस या दुसऱ्या राक्षसाचा हात उपटतो. रक्त नाही, वाळू सांडते, तरी धाकट्यांचे डोळे झाका. थोरली ‘परत दाखवा’ म्हणतील.

शेवटी मॅक्स घरी येऊन केक खातो आणि समोर बसलेल्या आईचा डोळा लागतो. तोवर निम्मी पोरं पॅसेजमध्ये क्रिकेट खेळत असतात. उरलेल्यांपैकी एखादं मागे वळून विचारतं, “काकू, रडताय काय? त्याला केक मिळाला की!”

ट्यूब लगेच लावू नका. दोन मिनिटं द्या सोफ्याला.