'आधी थोडे काढून बघा' हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, अगदी भिशीच्या ग्रुपवरसुद्धा हल्ली एक मेसेज फिरतोय. 'क्रिप्टोला उगाच घाबरू नका' हे त्याचं म्हणणं आणि त्यासाठी पाच मुद्दे. सरकार कर घेतं, म्हणजे क्रिप्टो अधिकृत आहे. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या जाहीर डिजिटल नोंदवहीवर, सगळं उघड असतं, म्हणून फसवणूक शक्य नाही. ठरावीक परतावा देणाऱ्या योजना मायनिंगमधून, म्हणजे कॉम्प्युटर चालवून नवी नाणी मिळवण्यातून, कमावतात. शंका असेल तर आधी थोडे पैसे काढून बघा. आणि काही झालंच, तर पैसे परत मिळवून देणारे तज्ज्ञ आहेत. पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि चौथा तर थेट चोराच्या पथ्यावर पडणारा आहे.

'सरकार कर घेतं, म्हणजे अधिकृत'

२०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही. इतपत खरं. पण आयकर खातं बेकायदा उत्पन्नावरही कर मागतं. कर म्हणजे शिफारस नव्हे. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना, म्हणजे क्रिप्टोची नाणी खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना, मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याखाली 'एफआययू' या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, तीही ठेवींची हमी नसते. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना कितीतरी महिने स्वतःचीच नाणी काढता येत नव्हती.

'ब्लॉकचेनवर सगळं उघड असतं'

नाणी इकडून तिकडे गेली, एवढंच तिथे दिसतं. घेणारा कोण, त्यानं काय थाप मारली, हे नाही. शिवाय अ‍ॅपमध्ये 'बॅलन्स' म्हणून दिसणारा आकडा ब्लॉकचेनवर असतोच असं नाही. बनावट अ‍ॅपमध्ये तो चालवणाराच टाकतो. 'वनकॉइन' या क्रिप्टो म्हणून विकल्या गेलेल्या योजनेच्या बाबतीत तर खरी ब्लॉकचेनच नव्हती. नवी मुंबई पोलिसांनी २०१७ मध्ये तिच्या प्रचारकांना पकडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची संस्थापक रुजा इग्नातोव्हा गायब झाली.

'मायनिंगमधून ठरावीक परतावा'

पुणेकरांना तरी हे नव्यानं सांगायला नको. 'गेनबिटकॉइन' या मायनिंगच्या नावाखाली चाललेल्या योजनेचं गणित ऐकायला सोपं होतं: बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. म्हणजे एकाचे १.८. सुरुवातीला हप्ते आलेही. मग कंपनीनं बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं स्वतःचंच नाणं द्यायला सुरुवात केली, ज्याला बाहेर फारशी किंमत नव्हती. पुणे परिसरातल्या दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये योजना चालवणाऱ्या अमित भारद्वाजला अटक झाली, २०२२ मध्ये तो वारला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. मायनिंगची कमाई नाण्याच्या भावाप्रमाणे आणि नवी नाणी मिळवण्याच्या वाढत्या अवघडपणाप्रमाणे खालीवर होते. ती ठरावीक असूच शकत नाही, एवढं कळलं तरी पुरे होतं.

'आधी थोडे काढून बघा'

आता मुख्य मुद्दा. सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो इतका पसरतो. पण ही परीक्षा चोराला आधीपासून ठाऊक असते आणि तो तिची तयारी करूनच बसलेला असतो.

टेलिग्रामवरच्या 'सर' किंवा 'मॅडम'च्या सांगण्यावरून दहा हजार भरले. चार दिवसांत अ‍ॅपवर अकरा हजार चारशे. दोन हजार काढायला टाकले, तासाभरात खात्यात जमा. झालं, विश्वास बसला. ते दोन हजार म्हणजे त्यांचा जाहिरातखर्च. पासबुकात मात्र एक गोष्ट बघण्यासारखी असते: पैसे कुणाकडून आले? बऱ्याचदा कंपनीचं नाव नसतंच. कुठल्यातरी अनोळखी माणसाचं बचत खातं असतं. ते पैसे दुसऱ्या फसलेल्याचे असले आणि त्यानं तक्रार केली, की तुमचंही खातं गोठू शकतं. म्हणजे 'चाचणी' यशस्वी होऊनही तुम्ही अडकता.

मग एफडी मोडून मोठी रक्कम जाते. ती काढायला गेलं की चॅटवर उत्तर येतं: 'सर, सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के टॅक्स आधी भरा, मग पूर्ण रक्कम रिलीज होईल.' पहिला मुद्दा इथे कामाला येतो. कराचं ऐकून माहीत असलेला माणूस मुकाट्यानं भरतो. त्यानंतर 'व्हेरिफिकेशन फी', मग 'अकाउंट अनफ्रीझ चार्ज'.

खरा व्यवहार कसा असतो ते बघा. नोंदणीकृत एक्सचेंजवर १ लाखाची नाणी विकली, तर १ हजार टीडीएस कापून उरलेले तुमच्याकडे येतात. एक्सचेंजचं शुल्कही त्यातूनच जातं. ३० टक्क्यांचा हिशेब तुम्ही आयकर विभागाशी करता, कुणाच्या यूपीआयवर नाही. स्वतःचे पैसे काढायला बाहेरून आणखी पैसे मागितले, की तिथेच थांबायचं. आधी भरलेले वाचवायला म्हणून भरलेले पुढचे पैसेही जातातच.

तपासायचंच असेल, तर चोराच्या हातात नसलेलं तपासा. अ‍ॅप लिंकवरून आलं की तुम्ही स्वतः शोधलंत? नाव एफआययूकडे नोंदलेल्यांत आहे का? वॉलेटचे, म्हणजे तुमची नाणी जिथे असतात त्याची किल्ली असलेले, १२ किंवा २४ शब्द कुणी मागितले का? अनोळखी साइटवर 'अप्रूव्ह' दाबायला सांगितलं का? त्या एका बटणानं वॉलेटमधलं ते नाणं परस्पर उचलायची परवानगी जाऊ शकते, ओटीपीबिटीपी काही येत नाही.

'परत मिळवून देणारे तज्ज्ञ आहेत'

आहेत ना, अनेकदा त्याच टोळीचे. फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे असते. क्रिप्टोचा व्यवहार एकदा झाला की उलटवता येत नाही. नाणी गोठवू शकतं ते एक्सचेंज किंवा, टेदरसारख्या नाण्याच्या बाबतीत, ते काढणारी कंपनी, आणि तेही सहसा पोलिसांनी कळवल्यावर. पैसे अजून बँकेतून बँकेत फिरत असले तर ते अडवण्याची संधी असते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन त्याच तासात करायचा, उद्या नाही. बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वॉलेटचा पत्ता, ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी ठेवा. आणि रागारागानं ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा. पलीकडचा माणूस मेसेज दोन्हीकडून पुसू शकतो.