‘क्राऊड कसा आहे?’

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता आला. आपल्या संभाजीनगरातल्या सिडको ते मुकुंदवाडी पट्ट्यातल्या सगळ्या शाळा. रकाने कसले, तर फी, बस, एसी, बोर्ड आणि शेवटी ‘क्राऊड’, म्हणजे कसल्या घरची लेकरं येतात ते. सरकारी शाळेसमोर बाकी सगळे रकाने रिकामे, फक्त शेवटच्यात लिहिलंय: ‘मिक्स. टाळा.’

माझी लेक त्याच शाळेत तिसरीला आहे. तीच तुमचा ‘क्राऊड’.

तिच्या पहिलीच्या वेळी आम्ही आधी एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत गेलो होतो. वर्ग पाहू दिलाच नाही. रिसेप्शनलाच आमची उलटतपासणी: शिक्षण किती, घरी इंग्रजी बोलता का, गाडी कोणती. हे चिकलठाण्याला कंपनीत ऑपरेटर आहेत म्हणल्यावर लिहिणाऱ्या बाईंचा पेन थांबला. तो थांबलेला पेन मला अजून दिसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये मुलांची किंवा आईवडिलांची अशी चाळणी लावायला साफ मनाई आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं. खाली मान घालून उत्तरं दिली.

परत येताना वाटेत ही शाळा. मोठ्या बाई दारातच होत्या. म्हणल्या, “लेकरं कविता म्हणायलेत, बसू द्या की हिला.” एका पोरीनं बाकावर सरकून जागा दिली. आमची अर्ध्या तासानं बाहेर आली ती खिचडी खाऊनच, हाताला हळदीचा वास. ह्यांनी तिथंच सांगितलं, हिचं नाव इथंच घालायचं.

त्या सरकलेल्या पोरीला तुम्ही ‘टाळा’ म्हणताय? तिची आई तुमच्याच बिल्डिंगमध्ये भांडी घासत असेल! तिच्या हातचं चालतं, तिच्या लेकराशेजारी बसलेलं चालत नाही. लाज वाटली मला आपल्या ग्रुपची.

पाण्याचे हाल आहेत, मान्य. टाकी कोरडी पडली की मुलींच्या स्वच्छतागृहात जाववत नाही. निवडणूक लागली की बाई त्या कामाला, वर्गाबाहेर, आणि शिक्षकांना त्यासाठी घ्यायची सूट कायद्यातच आहे. पण ज्यांचं बोलणं वर ऐकलं जातं त्या घरांनी लेकरं काढून नेली, मग टाकीसाठी भांडायचं कुणी? एकटी मी किती अर्ज देऊ?

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. मराठीतून शिकायला मिळावं म्हणून त्यांच्या पिढीनं जिवाचं रान केलं. आज दहा मिनिटांवर मराठी शाळा आहे, पुस्तकं फुकट आहेत, पोरगी घरी येऊन धडा वाचून दाखवते. आणि आपण रकाना भरतोय क्राऊडचा.

थोडं थांबून लिहितेय. ज्या ताईनं तक्ता केला तिला मी ओळखते. साडेतीन वर्षांचं पोर आहे, रात्री जागून केला असणार. घराचा हप्ता, वर शाळेची फी, त्यात चूक होऊ नये ही धाकधूक. मी पण त्या रिसेप्शनला तशीच बसले होते गं.

शनिवारी सकाळची शाळा असते. मी खाली गेटपाशी थांबते, लेकराला घेऊन ये. मोठ्या बाईंना विचारून ठेवलंय. म्हणल्या, वर्गातच बसवू.