टरबुजाला इंजेक्शन मारत नाही कोणी

मार्च लागला अन् नदीतल्या डांगरवाड्यांमधून टरबूज बाजारात यायला लागलं की गावागावांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: 'टरबूज इंजेक्शन देऊन लाल करतात, आतली भेग अन् सालीवरचा पिवळा डाग ही त्याची खूण. त्यात नुसती साखर अन् पाणी, शिवाय फळ परदेशी. खाऊ नका.' नेमका माल निघायच्या वेळी! वैनगंगेच्या रेतीत खड्डे खणून, शेणखत घालून वेल जगवणाऱ्या ढिवर (मासेमार) कुटुंबांचं गिऱ्हाईक यानं हात आखडतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

इंजेक्शनचं आधी. पटत नसेल तर एका फळात सिरिंजनं लाल पाणी सोडा अन् तासाभरानं कापा. रंग सुईच्या वाटेजवळच साचलेला दिसेल, बाकी गर होता तसाच. चार-पाच किलोचं फळ सारखं लाल करायला किती ठिकाणी टोचावं लागेल? अन् टोचलेलं फळ आपल्या उन्हात लवकरच आंबणार. ते ठोकात घेणार कोण? तो लाल रंग लायकोपीनचा, टमाटरात असतो तोच, अन् कच्च्या टमाटरापेक्षा टरबुजात जास्त. परागीभवन नीट झालं नाही किंवा हवामान एकदम बदललं की गर असमान वाढतो अन् मधोमध भेग पडते. सालीवरचा पिवळा डाग म्हणजे फळ जिथं जमिनीला टेकलं ती जागा. मी तर तो डाग पाहूनच फळ निवडतो.

साखर? १०० ग्रॅम गरात साधारण ६ ग्रॅम. शुगरवाल्यांनी वाटीभर मोजून खावं, रस टाळावा. पाणी ९१ टक्के आहे, खरंच. ४५ अंशांत तेच तर हवं. अन् बियांच्या मगजात पाव हिस्स्याहून जास्त प्रथिनं असतात. हिरवी साल काढून आतल्या पांढऱ्या भागाच्या फोडी मोहरी-मिरचीच्या फोडणीत शिजवा, वरून बेसन पेरा. भाकरीसोबत झकास लागते.

परदेशी म्हणाल तर मूळ आफ्रिकेतलं; २०२१च्या जनुकीय अभ्यासात सुदानचं कोर्दोफान टरबूज त्याचं सर्वांत जवळचं नातलग निघालं. पण मिरचीही अमेरिकेतूनच आली, अन् आपल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं भौगोलिक मानांकन आहे.

जपायचं असेल तर रस्त्यावर उघड्या, माश्या बसलेल्या कापलेल्या फोडींपासून जपा. अख्खं फळ घ्या, धुऊन कापा अन् उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा.