तीत 2:5 मधून नोकरीबंदी निघत नाही

ख्रिस्ती कुटुंबांत एक मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो: विवाहित स्त्रीने घराबाहेर नोकरी करणे बायबलविरुद्ध आहे. आधाराला पौलाच्या पत्रांतली तीत 2:5 आणि 1 तीमथ्य 5:8 ही वचने, नीतिसूत्रे 31 आणि उत्पत्तीत हव्वेसाठी आलेला ‘साहाय्यक’ हा शब्द. शेवटी शेरा असतो, की बायकांनी कमावणे हे पाश्चात्त्य खूळ आहे. तो वाचून मनापासून काम करणाऱ्या परिचारिका आणि शिक्षिका अपराधी मनाने कामावर जातात, म्हणून एकेक वचन त्याच्या जागी नेऊन वाचू.

“तीत 2:5 स्त्रीला घरातच राहायला सांगते.”

इथल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ग्रीक शब्द आहे ‘ओइकुर्गुस’. ‘ओइकोस’ म्हणजे घर, ‘एर्गोन’ म्हणजे काम. म्हणून घरचे काम पाहणाऱ्या. नंतरच्या बहुसंख्य प्रतींत एक अक्षर गळून ‘ओइकुरुस’ झाले आहे, म्हणजे घर राखणाऱ्या. कोणताही पाठ घ्या, घराकडे लक्ष द्या एवढेच हाती लागते. बाहेर कमावू नका, हे दोन्हींत नाही. पौलाला खटकते ते काय, हे 1 तीमथ्य 5:13 मध्ये दिसते: रिकामपण, घरोघर हिंडणे, लुडबूड. त्याचा रोख आळसावर आहे, श्रमावर नाही.

शिवाय त्याच अध्यायात, चारच वचने पुढे (2:9), दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे लिहिले आहे. ते त्या काळच्या परिस्थितीपुरते आणि 2:5 मात्र सर्वकाळचा कायदा, असे कशाच्या बळावर म्हणायचे? मंडळीत दासीही होत्या. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या त्या बायकांना घरी बसण्याची सोयच नव्हती.

आणखी एक गफलत ‘घर’ या शब्दाची. पहिल्या शतकात घर हेच अनेकांचे दुकान आणि कारखाना असे. करिंथात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला, कारण त्यांचा धंदा एकच होता. प्रेषितांची कृत्ये 18:3 म्हणते, ते तंबू करणारे होते. क्रियापद अनेकवचनी आहे. घरात मागावर बसलेली विणकराची बायको घरी असते की कामावर? हा प्रश्न पौलाच्या वाचकांना पडलाच नसता.

“नीतिसूत्रे 31 मधली सद्गुणी स्त्री गृहिणी आहे.”

पूर्ण वाचा. वचन 16: ती शेत पारखून विकत घेते आणि हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. वचन 18: आपला व्यापार किफायतीचा आहे, हे ती जाणते. वचन 24: तागाची वस्त्रे करून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. इथे व्यापाऱ्यासाठी मूळ हिब्रू शब्द ‘कनानी’ आहे. कनानी लोक व्यापारासाठी इतके ओळखले जात, की तोच शब्द धंद्याचा झाला. मात्र वचन 15 मधल्या दासी विसरू नका. हे संपन्न घराचे चित्र आहे. दोन खोल्यांत राहून नोकरी करणाऱ्या बाईला मोजण्याची फूटपट्टी नाही.

“1 तीमथ्य 5:8 प्रमाणे कमावणे पुरुषाचे काम.”

आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला हे वचन दोष देते, पण तिथे ग्रीकमध्ये ‘तिस’ आहे, म्हणजे कोणीही. विषय विधवांच्या पोटापाण्याचा आहे, आणि 5:16 तर थेट विश्वासू स्त्रीला सांगते, की तिच्या आश्रयाच्या विधवांचा भार तिनेच उचलावा. त्यासाठी तिच्या हाती पैसा हवा.

“हव्वा साहाय्यक, म्हणजे दुय्यम.”

हिब्रू ‘एझेर’ जुन्या करारात बहुतेक वेळा देवासाठीच येतो. “माझे साहाय्य परमेश्वराकडून येते” हे स्तोत्र 121 मधले साहाय्य तोच शब्द. आणि उत्पत्ती 1:28 मधली सत्ता चालवण्याची आज्ञा दोघांनाही आहे.

पाश्चात्त्य खुळाबद्दल थोडेच. बायबलमधलीच फिलिप्पैतली लुदिया मूळची थुवतीराची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. खुजाची बायको योहान्ना आणि इतर स्त्रिया येशू व शिष्यांचा खर्च आपल्या पैशातून चालवत (लूक 8:3).

मुले लहान असताना आईने घरी राहायचे, असे एखाद्या जोडप्याने ठरवले तर तो त्यांचा निर्णय, आणि तो सन्मानाचाच आहे. खोट आहे ती त्याला देवाची आज्ञा म्हणण्यात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेले मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात, त्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले.