'गोवा विद्यापीठाच्या पदवीला विचारतो कोण?' या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'मुलांचं वाटोळं व्हायला नको असेल तर शेवटपर्यंत वाचा' अशी त्याची सुरुवात आहे. त्याचं सांगणं थोडक्यात असं: विद्यापीठाचं नाव म्हणजेच त्याचा दर्जा. जग मूर्ख नाही, जिथे काही असतं त्याचंच नाव होतं. जागतिक क्रमवारीच्या वरच्या पानांवर गोवा विद्यापीठ सापडत नाही, त्यामुळे त्याच्या पदवीला पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या सीमेच्या, पलीकडे कुणी विचारत नाही. ज्या विद्यापीठाला नॅकची, म्हणजे संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ए प्लस प्लस ही सर्वोच्च श्रेणी आहे तिथे डोळे झाकून प्रवेश घ्या, तिथली मुलं चाळीस लाखांचं पॅकेज घेऊन बाहेर पडतात. आणि शेवटची ओळ: कर्ज काढा, वेळ पडली तर जमीन विका, पण मुलांना नावाच्या ठिकाणीच पाठवा.

असल्या मेसेजना एरवी मी उत्तर देत नाही. पण हा डिचोलीला माझ्या ताईच्या घरात शिरला. भाचीने बीएस्सीनंतर ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठातच, मरीन मायक्रोबायोलॉजीला (समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाला) जायचं पक्कं केलं होतं. मेसेज वाचून ताई आणि भावजींनी परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक मागवलं आणि घराच्या कागदांची फाइल बाहेर काढली. भाचीने मला फोन करून विचारलं, "मावशी, इथल्या डिग्रीला खरंच कोण विचारत नाही?" तिच्या आवाजातली खात्री गेलेली ऐकली आणि हे लिहायला बसले.

सुरुवात क्रमवारीपासून करते, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच भुलतात. क्रमवारी लावतात कशी, हे तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं? जगभर गाजणाऱ्या क्यूएस क्रमवारीत शंभरातले ४० गुण प्राध्यापकांच्या मतांना आणि १० गुण नोकरी देणाऱ्यांच्या मतांना असायचे. २०२३ साली पद्धत बदलली. तरी आजही मतांचे ३० आणि १५ असे ४५ गुण आहेतच. म्हणजे जगभरच्या प्राध्यापकांना विचारायचं की तुमच्या विषयात कुठली विद्यापीठं उत्तम आहेत, आणि त्यांनी जी नावं सांगितली त्यांच्या पदरात गुण टाकायचे. जर्मनीतल्या किंवा कोरियातल्या प्राध्यापकाने जे नाव कधी ऐकलंच नाही ते तो सांगणार कसं? नाव आहे म्हणून गुण मिळतात, गुण मिळाले म्हणून क्रमांक वर जातो आणि क्रमांक वर गेला म्हणून नाव आणखी होतं. मेसेज लिहिणारा या चक्रालाच पुरावा म्हणतो.

आपल्या केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत मतांना १० टक्केच वजन आहे, हे बरं. पण तिथल्या उरलेल्या गुणांचा मोठा भाग संस्थांनी स्वतः भरून दिलेल्या आकड्यांवर उभा असतो. आणि संस्थेने स्वतःबद्दल भरलेला आकडा किती भरवशाचा असतो, याचं उदाहरण थेट न्यूयॉर्कमध्ये आहे.

कोलंबिया विद्यापीठ. अमेरिकेत 'यू.एस. न्यूज' या प्रकाशनाची क्रमवारी सगळ्यात जास्त पाहिली जाते. तिच्यात कोलंबिया १९८८ साली अठरावं होतं, ते चढत चढत २०२१ साली दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी आपल्या विद्यापीठाने पुरवलेले आकडे तपासायला घेतले. विद्यापीठाचा दावा होता की पदवीच्या ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात. थॅडियस यांनी काही गुप्त कागद मिळवले नाहीत. विद्यापीठाचीच वर्गांची उघडी यादी घेतली आणि मोजदाद केली. उत्तर आलं साधारण ६३ ते ६७ टक्के. त्यांनी हे स्वतःच्या वेबसाइटवर, स्वतःच्या नावानिशी मांडलं. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली, आणि त्याने दिलेला सुधारित आकडा तर थॅडियस यांच्या अंदाजाहूनही खाली, ५७ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच महिन्यात नवी यादी आली. कोलंबिया दुसऱ्यावरून पुन्हा अठराव्यावर.

आता मला सांगा, त्या एका वर्षात तिथले प्राध्यापक सोडून गेले होते का? ग्रंथालयाला आग लागली होती? वर्गात काहीच बदललं नव्हतं. बदलले ते कागदावरचे आकडे. ज्या पालकांनी दुसरा क्रमांक पाहून मुलांना पाठवलं, त्यांच्या मुलांना शिकवलं तेवढंच आणि तसंच गेलं, जसं अठरावा क्रमांक असता तर गेलं असतं. एवढ्या जुन्या, एवढ्या श्रीमंत, एवढ्या डोळ्यांसमोर असलेल्या विद्यापीठाच्या बाबतीत हे घडू शकतं, तर काल-परवा उघडलेल्या आणि हमरस्त्यावर आपल्या क्रमांकाचे फलक लावणाऱ्या विद्यापीठांच्या आकड्यांवर घराचे कागद गहाण ठेवायचे?

दुसरा मुद्दा, पत्रादेवीच्या पलीकडे कुणी विचारत नाही. हा वाचून मला सगळ्यात जास्त चीड आली. पत्रादेवीच्या पलीकडून, बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून लोक आपली आजारी माणसं घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, येतात. तिथले डॉक्टर, आणि तिथून शिकून देशभर, जगभर गेलेले डॉक्टर, एमबीबीएसची पदवी कुठल्या विद्यापीठाची लावतात? गोवा विद्यापीठाची. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून वाढलेलं हे महाविद्यालय गोवा विद्यापीठालाच संलग्न आहे. हृदयाचं दुखणं घेऊन ज्यांच्या हातात जीव देता, त्यांच्या पदवीला किंमत नाही असा मेसेज घरबसल्या पुढे पाठवताना दोन मिनिटं विचार करायला हवा होता.

याच मुद्द्याची आणखी एक बाजू गोव्यातल्या ज्येष्ठांना चांगली ठाऊक आहे. १ जून १९८५ ला गोवा विद्यापीठाचं काम सुरू झालं. त्याआधी गोव्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही दोन्ही १९६२ पासूनची. संलग्नता बदलली तेव्हा इमारती त्याच होत्या, फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक तेच होते, प्रयोगशाळेतली उपकरणं तीच होती. प्रमाणपत्रावरचं नाव तेवढं 'मुंबई'चं 'गोवा' झालं. नाव म्हणजेच दर्जा हे खरं मानायचं तर त्या वर्षी मडगावच्या आणि पणजीच्या वर्गांमधलं शिक्षण एकाएकी घसरलं असं मानावं लागेल. त्या काळात शिकलेल्या कुणालाही विचारा.

आणि नाव दर्जाच्या आधी कसं येतं तेही गोव्यातच दिसतं. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुडीला आहे, १९६७ सालचं. २०१६ साली त्याच आवारात आयआयटी गोवा सुरू झाली. पहिली तुकडी आत आली तेव्हा त्या संस्थेचा एकही पदवीधर जगात नव्हता, स्वतःची इमारत नव्हती. पण मान पहिल्या दिवसापासून पूर्ण होता, कारण पाटीवर तीन अक्षरं होती. मी आयआयटीला कमी लेखत नाही. तिथे निवडून आलेली मुलं हुशार असतात आणि शिक्षकही मेहनतीने निवडलेले असतात. माझं म्हणणं एवढंच की ती प्रतिष्ठा मुंबई-कानपूरच्या जुन्या आयआयटींनी कमावलेली होती, ती फर्मागुडीला आयती आली. चांगल्या नावाची संस्था पुढे चांगली निघू शकते. पण नाव पाहून आज आत काय शिकवतात ते कळत नाही.

नॅकचं लवकर आटपते. ए प्लस प्लस म्हणजे डोळे झाकून जा, म्हणे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला हीच श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांसह दहा जणांना अटक केली. कोर्टात जे सिद्ध व्हायचं ते होईल. सगळ्या ए प्लस प्लस संस्था तशा आहेत असं मी म्हणत नाही. पण डोळे झाकायचा सल्ला तरी देऊ नका.

'मोठे शिक्षक बाहेरच मिळतात' हेही मेसेजात आहे. समुद्राचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलीला हे सांगणं म्हणजे कमाल आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची, तिचं मुख्यालय दोनापावलाला, विद्यापीठाच्या पठारापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली गोवा विद्यापीठाची पीएचडी करता येते. ध्रुवीय आणि सागरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोला, सड्यावर. या विषयासाठी देशभरातून मुलं इथे येतात आणि आम्ही आमची मुलगी समुद्रापासून लांब पाठवायला निघालो आहोत.

आता जे खरं आहे ते मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. नावामुळे पहिलं दार उघडतं. काही कंपन्या ठरावीक कॅम्पसांपलीकडे जातच नाहीत, आणि ढीगभर अर्ज चाळणारा माणूस ओळखीच्या नावापाशी थांबतो. ज्या मुलाच्या घरात कुणाची ओळखपाळख नाही, त्याला याचा फायदा जास्त होतो. आपल्या विद्यापीठातही सगळं आलबेल नाही. २०२५ साली प्रश्नपत्रिका चोरीच्या आरोपाने विद्यापीठाची अब्रू चव्हाट्यावर आली, आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिकांच्या हिशेबाने, वर्षानुवर्षं राबवलेल्या शिक्षकांचा प्रश्न कुणापासून लपलेला नाही. यावर ओरडायलाच हवं. पण तो मेसेज यातल्या एकाही गोष्टीबद्दल बोलत नाही. तो फक्त क्रमांक दाखवतो.

राहिलं ते चाळीस लाखांचं पॅकेज, कर्ज आणि जमीन. हे सगळ्यात घातक आहे. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ताईच्या शेजारी बसून आम्ही त्या खासगी विद्यापीठाची फाइल उघडली. तिच्यात नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या मध्यक पगाराचा रकाना असतो, म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसमोरचा तो आकडा मेसेजातल्या चाळीस लाखांच्या आसपासही नव्हता. आणि तो सगळ्या विषयांचा मिळून एकच असतो, त्यामुळे मायक्रोबायोलॉजीच्या मुलांचं काय झालं ते त्यात कळतच नाही. खाली शिक्षकांची नावानिशी यादी होती, रुजू झाल्याच्या तारखांसकट. ताई बोटाने एकेक तारीख खाली वाचत गेली. एकामागून एक तारखा गेल्या वर्षा-दोन वर्षांतल्या. तिने पान परत वर नेलं आणि पुन्हा वाचलं. भावजींनी माहितीपत्रकातल्या नंबरवर फोन करून आमच्या विषयातल्या मुलांच्या नोकऱ्यांचा हिशेब लेखी मागितला. "कॅम्पसला या, सगळं दाखवू," यापलीकडे उत्तर आलं नाही.

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ही गोष्ट मेसेजात नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचाही उल्लेख नाही. उल्लेख आहे तो जमीन विकण्याचा. गोव्यात आज विकलेली जमीन कुणाच्या हातात जाते आणि ती परत घ्यायची ऐपत इथल्या माणसाला पुढे कधी होते का, हे गोव्यात राहणाऱ्याला मी समजावून सांगायला नको. ज्याने ती ओळ लिहिली त्याला ती विकून मिळणाऱ्या पैशांतलं काही मिळणार आहे की नाही मला माहीत नाही, पण गमावणारं घर कुणाचं असेल ते मला माहीत आहे.

ताईच्या ग्रुपवर ज्यांनी हा मेसेज टाकला, त्यांना माझी विनंती आहे. चाळीस लाख मिळवणाऱ्या मुलाचं नाव नको. फक्त विद्यापीठ, विषय आणि वर्ष, एवढं सांगा. ते सांगता येत नसेल तर जिथे जिथे तो पाठवला तिथे तिथे 'हे तपासलेलं नव्हतं' असं लिहा. आणि हे प्रवेशाचे दिवस आहेत, घरोघरी निर्णय होताहेत, तेव्हा आजच लिहा.