शाळेच्या सरांना विद्यापीठाचं बोलावणं

ऑलिंपिक संपलं की महाराष्ट्रात दोन वाद ठरलेले. पदक मिळालं तर पहिल्या गुरूच्या पदरात काय पडलं, आणि नाही मिळालं तर शाळेतला पीटीचा तास गणिताचे सर का खातात. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, तेव्हा बक्षिसाच्या रकमेवरून हरयाणाशी झालेली तुलना अनेकांना आठवत असेल. अशा चर्चेत कुणीतरी अमेरिकेचा दाखला हमखास देतं: तिकडे शाळेच्या कोचला विद्यापीठ मानानं बोलावून घेतं, आपल्याकडे क्रीडाशिक्षक निवृत्त होईपर्यंत कवायत घेत बसतो.

दाखला खोटा नाही. पण टेक्सासात बसून पाहिलं की "मानानं" या शब्दापाशी अडखळायला होतं. विद्यापीठ इथे सौदा करत असतं, आणि त्या सौद्यात नेमकं काय विकत घेतलं यावर पुढचं सगळं ठरतं.

इथलं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. शुक्रवारी रात्री शाळांचे सामने, शनिवारी कॉलेजांचे. डॅलसच्या उत्तरेला ॲलन गावच्या शाळेचं स्टेडियम ६ कोटी डॉलरचं आणि १८,००० प्रेक्षकांचं आहे. २०१२ला उघडलं आणि दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेल्यानं बंद ठेवावं लागलं. (नव्या बांधकामाला तडे जाणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही, एवढाच दिलासा.) अशा शाळेत सतत जिंकणारा कोच हे राज्यभर ठाऊक असलेलं नाव असतं, आणि कॉलेजला दरवर्षी नवी पोरं लागतात. तेव्हा कोचलाच घ्या, पोरं आपोआप येतील, असा सरळ हिशोब मांडला जातो. तो फसतो तो "आपोआप" या शब्दावर.

शाळेच्या कोचला खरोखर काय येतं, ते बघा. पोरगा कितीही वेगानं पळो, कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए त्याची गुणपत्रिका आधी तपासते. नववी ते बारावीत १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण लागतात: इंग्रजीचे ४, गणिताचे ३, विज्ञानाचे २, सामाजिक शास्त्रांचे २ आणि बाकीचे पूरक. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपवायचे, आणि त्या १०पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातलेच हवेत. सरासरी ४पैकी किमान २.३. ते १० एकदा मोजले गेले की पुन्हा तोच विषय घेऊन गुण वाढवता येत नाहीत. बाहेरच्या राज्यातून आलेल्या कॉलेज कोचला ही भानगड बारावीच्या हिवाळ्यात कळते, तोवर गाडी सुटलेली असते. शाळेत वीस वर्षं काढलेला माणूस अकरावीच्या सुरुवातीलाच समुपदेशकाच्या दारात उभा असतो.

चित्रफितीचंही तसंच. हडल या संकेतस्थळावर प्रत्येक पोराची सर्वोत्तम तीन मिनिटं चढवलेली असतात आणि त्या तीन मिनिटांत प्रत्येक जण हिरो असतो. जाणता कोच आख्ख्या सामन्याची फीत मागतो. चेंडू आपल्या बाजूला नसताना पोरगं काय करतं, तेवढंच तो बघतो. मग ॲथलेटिक्सच्या हंगामातली १०० मीटरची वेळ, गोळाफेकीचं अंतर. आणि शेवटी घरात शब्द कुणाचा चालतो: आईचा, आजीचा, की चर्चमधल्या पाळकाचा.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्याची फोनची वही. टेक्सासात फुटबॉल खेळणाऱ्या शाळा हजारावर आहेत आणि त्यांचे कोच एकमेकांना नावानं ओळखतात. "पोरगा चांगला आहे, पण घोट्याचं दुखणं लपवतोय" हे वाक्य कुठल्याही वेबसाइटवर सापडत नाही. ते फोनवर मिळतं, आणि तेही आपल्यातल्या माणसालाच.

ज्यांनी ही वही विकत घेतली त्यांचं साधलं. डिसेंबर २०१६ला मॅट रूल बेलर विद्यापीठात आला तो फिलाडेल्फियाच्या टेंपलहून. टेक्सासात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बेलरची अब्रूही गेलेली होती. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हाताळण्यात विद्यापीठानं केलेल्या अक्षम्य हयगयीपायी आर्ट ब्राइल्स या मुख्य कोचला त्याच वर्षी मेमध्ये जावं लागलं होतं. (ब्राइल्सही मूळचा शाळेचाच, स्टीफनव्हिलला चार राज्य विजेतेपदं मिळवून कॉलेजात गेलेला.) रूलनं टेक्सासच्या शाळांतले तीन कोच सहायक म्हणून घेतले. त्यात सीडर हिलचा, तीन वेळा राज्य जिंकलेला जोई मॅग्वायर होता. २०१७ला बेलर १ सामना जिंकलं, ११ हरलं. २०१९ला ११ जिंकलं, ३ हरलं. मॅग्वायरच्या येण्यानं इतर शाळांचे दरवाजे पुन्हा उघडले, हा त्यातला मोठा वाटा. तो स्वतः पाच हंगाम सहायक राहिला आणि नोव्हेंबर २०२१ला टेक्सास टेकचा मुख्य कोच झाला. २०२५ला त्या संघानं बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं. अर्थात तोवर तिथे देणगीदारांचा पैसाही धो धो आला होता. सगळं श्रेय ओळखीपाळखींना देऊ नये.

आता उलट बाजू. आर्कान्सात स्प्रिंगडेल नावाची शाळा २००५ला एकही सामना न हरता राज्य जिंकली. कोच गस मॅल्झान, क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा गडी) मिच मस्टेन, देशातल्या सर्वात गाजलेल्या पोरांपैकी एक. आर्कान्सा विद्यापीठानं मॅल्झानला आक्रमणाची सूत्रं दिली. मस्टेन आणि त्याचे काही सोबती पाठोपाठ आले. मस्टेननं सुरुवातीपासून खेळलेले आठही सामने संघ जिंकला, तरी त्याला बाकावर बसवलं. मॅल्झानची पद्धत भराभर पास टाकण्याची. मुख्य कोच ह्यूस्टन नटकडे डॅरेन मॅकफॅडनसारखा धावपटू होता आणि त्याचा भरवसा त्याच्या पायांवर. एका हंगामात मॅल्झान टल्सा विद्यापीठात निघून गेला, मस्टेन दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात. कोच पोरासाठी आणला, पोर कोचसाठी आलं, आणि त्या कोचची खेळण्याची रीत तिथे कुणाला नकोच होती. पुढे २०१०च्या हंगामात हाच मॅल्झान ऑबर्नच्या राष्ट्रीय विजेतेपदात आक्रमणाचा सूत्रधार होता. म्हणजे माणूस चांगला होता, सौदा वाईट होता.

एका पोरासाठी कोच घ्यायचा हा प्रकार इतका बोकाळला की नियम करावा लागला. मिशिगननं २०१६ला फ्लोरिडातल्या फ्लॅनगन शाळेचा कोच विश्लेषक म्हणून घेतला. त्याच वर्षी त्या शाळेचे तीन खेळाडू मिशिगनला आले, त्यातला एक कोचचा मुलगा. तेव्हा हे नियमात बसत होतं. २०१७ला एनसीएएनं ठरवलं की एखाद्या खेळाडूशी जोडलेल्या माणसाला, तो खेळाडू दाखल होण्याच्या दोन वर्षं आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत, मैदानाबाहेरच्या पदावर घेता येणार नाही. मैदानावर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या कोचला मात्र सूट. त्या जागा तेव्हा मोजक्याच होत्या, मुख्य कोच सोडून नऊ आणि २०१८पासून दहा. एका पोरापायी त्यातली एक खर्च करायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नियमात न मावणारं एक नुकसान आहे. एका शाळेचा कोच उचलला की त्याच जिल्ह्यातल्या इतर शाळांच्या भुवया चढतात. कालपर्यंत तो त्यांचा प्रतिस्पर्धी होता. आता तो त्यांच्या पोरांना न्याय देईल यावर त्यांचा विश्वास का बसावा? म्हणूनच शहाण्या विद्यापीठानं आपल्या नव्या कोचला सुरुवातीला त्याच्या जुन्या जिल्ह्यात न पाठवता दुसरीकडे फिरवावं. आणि मागे राहिलेल्या शाळेला हिवाळ्यात नवा कोच शोधावा लागतो, ऐन अकरावीच्या पोरांची नावं कॉलेजांच्या यादीत चढत असताना. त्याचं बिल विद्यापीठाला कुणी पाठवत नाही.

आता आपल्याकडे. "आमच्या विद्यापीठांनी शाळेचे गुरू का घेऊ नयेत" या प्रश्नाचं उत्तर फार रुक्ष आहे: आंतरविद्यापीठ स्पर्धेचं तिकीट काढून कोण जातं? इथे शनिवारच्या सामन्यावर कोट्यवधी डॉलर फिरतात म्हणून वहीला किंमत आहे. तो पैसा नसताना फक्त नेमणुकीची नक्कल करून काही हाती लागणार नाही.

नक्कल करायचीच तर दोन किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींची करावी. टेक्सासच्या सरकारी शाळांमधला कोच त्या शिक्षण जिल्ह्याचा पूर्णवेळ कर्मचारीच असावा लागतो, असा शालेय स्पर्धांच्या संस्थेचा, यूआयएलचा नियम आहे. म्हणजे पगार, विमा, निवृत्तिवेतन. सहा महिन्यांच्या मानधनावर, पुढच्या करारासाठी साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळत तो फोनची वही जमवत नाही.

दुसरी गोष्ट एक कागद. पोरानं शाळा बदलली की नव्या शाळेच्या मुख्य संघात खेळण्याआधी एक अर्ज भरावा लागतो. त्यात आधीच्या शाळेची सही लागते, आणि विचारलेलं असतं की शाळा खेळासाठी बदलली का. तसं ठरलं तर किमान एक वर्ष मुख्य संघ बंद. निर्णय शेजारच्या शाळांची समिती घेते. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये फी माफ करून पोरं पळवल्याची कुरकुर जुनी आहे. लगेच कुणी म्हणेल, हा नियम असता तर आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात गेलेल्या सचिनचं काय झालं असतं? तो तेव्हा तिकडच्या हायस्कूलच्या, म्हणजे नववी ते बारावीच्या, वयाचा नव्हता, त्यामुळे सुटला असता. पण आक्षेप खरा आहे: चांगला गुरू शोधत जाणारा पोरगा आणि पळवलेला पोरगा कागदावर सारखेच दिसतात. टेक्सासच्या समित्यांनाही ते नेहमी ओळखता येतं असं नाही, आणि शेजारच्याच शाळा न्यायाधीश असल्या की जुने हिशोबही चुकते होतात. तरी मी कागदाच्या बाजूचा. निदान वाद कागदावर येतो.

राहता राहिला "वरच्या पायरीचा" प्रश्न. शाळेतून कॉलेजात म्हणजे बढती, हे गृहीत आपण इथल्यांपेक्षाही घट्ट धरून बसलो आहोत. टॉड डॉजचं उदाहरण घ्या. डॅलसजवळच्या साउथलेक कॅरल शाळेत शेवटच्या पाच हंगामांत ७९ विजय, १ पराभव. तोही अंतिम सामन्यात, १६–१५ असा एका गुणानं. २००६च्या अखेरीस नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं त्याला थेट मुख्य कोच केलं. कॉलेजात सहायक होता तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यानंतर सगळी वर्षं शाळांत; हाताखालीही बरेचसे शाळेतलेच कोच. मुलगा रायलीही टेक्सास विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून बापाकडे आला. पहिलाच सामना ओक्लाहोमाविरुद्ध ७९–१० असा हरले. त्याच हंगामात नेव्हीविरुद्ध (नौदल अकादमीचा संघ) ६२ गुण केले आणि तरी हरले, ७४–६२. आक्रमण त्याला येतच होतं. पण शाळेत कॅरलची पोरं समोरच्यांपेक्षा सरस असायची, म्हणून बचावाचे दोष झाकले जायचे. इथे उलट होतं. समोरच्या फळीतला एकेक गडी जड आणि चपळ, आणि तसा बचाव उभा करायला लागणारी पोरं या विद्यापीठाकडे येत नव्हती. ६ विजय, ३७ पराभव, आणि २०१०च्या ऑक्टोबरात नारळ.

डॉज शाळेत परतला. ऑस्टिनच्या वेस्टलेक शाळेला त्यानं २०१९, २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ तीन राज्य विजेतेपदं दिली. मधल्या हंगामाचा अंतिम सामना जानेवारी २०२१ला झाला. समोर साउथलेक कॅरल, आणि त्यांचा मुख्य कोच रायली डॉज. बाप ५२, मुलगा ३४.